शाळकरी मुलांच्या हृदयतपासणीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

मंडळाची पेनिसिलिनची वही, म्हणजे संधिज्वर झालेल्या मुलांच्या इंजेक्शनांची नोंद, आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. ती सुरू करणाऱ्या आपल्या डॉक्टरबाई आज नाहीत. इंजेक्शनची तारीख टळली की त्या स्वतः मुलाच्या दारात उभ्या राहत. त्यांच्यामागे वही सांभाळणाऱ्या परिचारिकाताई, ईसीजी यंत्र देऊन ‘नाव लावू नका’ म्हणणारे कुटुंब, मुलांना वर्षानुवर्षे फुकट ने-आण करणारे रिक्षावाले दादा, निवृत्तीच्या दिवशी पाकीट आणून देणाऱ्या बाई, या सगळ्यांच्या बळावर मंडळ उभे आहे. त्यांचे ऋण शब्दांत मावत नाही.

मागच्या आवाहनाला मात्र फार थोडी उत्तरे आली. त्यातही अनेकांनी विचारले, “संधिज्वराने हृदय बिघडलेले असे रुग्ण आपल्याकडे आहेत तरी किती?” मनाला लागले. ते मोजण्यासाठीच तर आम्ही हात पसरला होता!

वहीत फक्त ताप येऊन सांधे सुजलेली किंवा धाप लागलेली मुले आहेत. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी येणारा हा संधिज्वर सांधे सोडतो, पण हृदयाच्या झडपेवर व्रण ठेवून जाऊ शकतो. मूल खेळत राहते, कोणाला कळत नाही. कितीतरी मुलींच्या बाबतीत तर हे थेट गरोदरपणी समजते. कंबोडिया आणि मोझांबिकमधल्या शाळांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. स्टेथोस्कोपने तिथे हजारी जेमतेम दोन मुले सापडली होती. इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्यावर कंबोडियात हजारी २१.५ आणि मोझांबिकमध्ये ३०.४ निघाली. म्हणजे नुसत्या वहीवरून आपला आकडा सांगणे ही फसवणूक होईल.

लवकर सापडलेले मूल सावरता येते. युगांडात अशाच, त्रास सुरू न झालेल्या मुलांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिन दिले. दोन वर्षांत त्यांच्यापैकी ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला, इंजेक्शन न मिळालेल्यांत ८.२ टक्के. साधे, जुने औषध आहे हो हे!

हवे ते असे: हाताळता येणारे इको यंत्र (विकत किंवा वापरापुरते), ते चालवणारे प्रशिक्षित हात, संमतीपत्रे गोळा करणारे शिक्षक, नोंदींसाठी तरुण मुले. देणगी धनादेशाने मंडळाच्या नावे, रोख दिल्यास पावती घ्यावीच. वेळ देणाऱ्यांनी कार्यालयात नाव व मोकळे वार कळवावेत. परीक्षा सुरू होण्याआधी शाळा गाठायच्या आहेत, तेव्हा कृपया या आठवड्यातच.

आपला नम्र,
कार्यवाह