मुक्काम दुपारीच ठरव

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तू सायकलवरून एकटी निघणार हे ठरलंच आहे, तेव्हा जाऊ नकोस असं सांगायला हे पत्र नाही. डर्व्हला मर्फी या आयरिश प्रवासलेखिकेला दहाव्या वाढदिवसाला सायकल आणि ॲटलास मिळाला, तेव्हाच तिने सायकलवरून भारतात जायचं मनाशी ठरवलं. १९६३ साली ती आयर्लंडहून एकटी निघाली आणि खरोखर पोचली. हे तुझ्या आईला सांगितलं, तर तिने विचारलं, "आणि हिला सायकल कोणी घेऊन दिली होती?" मी विषय बदलला.

तुझ्या वहीत रोजचे १०० किलोमीटर लिहिलेत. मोकळ्या सायकलवर, चांगल्या डांबरी रस्त्यावर तुला ते जड नाहीत. पण कॅरियरवर सामान चढलं, खडीचा रस्ता लागला आणि वारा समोरून सुटला की तो हिशोब कोलमडतो. चढ निदान दिसतो, कधीतरी संपतो. वारा समोरून येऊनही दिवसभर पाठ सोडत नाही. वारा नसतानाही वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो, म्हणून त्याच्याशी झुंजू नकोस, हलका गिअर टाक आणि रमतगमत चल. साठ-सत्तर लिही. उरलेला वेळ पंक्चर, चुकलेला फाटा आणि थांबवून चौकशी करणारी माणसं खातातच.

मुक्काम कुठे करायचा तेही दुपारीच ठरव. संध्याकाळी पाय दमलेले, पोट रिकामं, उजेड उतरलेला, आणि नेमकं तेव्हाच "अजून एक गाव गाठू" असं वाटतं. सोबत कुणी असतं तर "पुरे आता" म्हणालं असतं. तुला ते स्वतःलाच म्हणायचंय, तर डोकं ताजं असताना म्हणून ठेव.

पंक्चर काढताना घाई करू नकोस. टायर रिमवरून उतरवण्याआधी वॉल्व्हसमोर त्यावर खडूने खूण कर. ट्यूबचं छिद्र वॉल्व्हपासून किती लांब आहे ते बघितलंस की टायरमध्ये कुठे शोधायचं ते कळतं. मग आतून बोट फिरव, अगदी सावकाश. काटा बाहेरच्या बाजूने मोडून गेलेला असतो, आत नुसतं टोक उरतं. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला टोचतं. ते काढलं नाहीस तर नवी ट्यूबही थोड्याच वेळात बसेल. वजन मागच्या चाकावर जास्त, त्यामुळे आरेही बहुधा तिथलेच तुटतात. त्या मापाचे दोन-तीन जादा आरे सायकलच्या नळीला चिकटपट्टीने बांधून ने.

कुत्री धावून आली तर उतर, सायकल मध्ये धर आणि चालत पुढे जा. पळणाऱ्याचा पाठलाग करायला त्यांना आवडतं. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नकोस, रिम तापते. करंगळीला मुंग्या आल्या तर हँडलवरची पकड बदल. बाकी तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

दिवसभर लोकेशन पाठवत बसू नकोस, बॅटरी नकाशाला लागेल. मुक्कामी पोचलीस की गावाचं नाव आणि उद्याचा रस्ता, एवढंच कळव. निरोप आला नाही तर रेंज नसेल असं धरून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबू. त्यानंतर मात्र आदल्या मुक्कामापासून विचारपूस सुरू करणार. आईला हे मान्य आहे. म्हणजे तिने मान हलवली. उभी की आडवी, ते मी नीट पाहिलं नाही.

तुझा,
बाबा