‘आम्ही झूम करत नाही’

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सरकारी ड्रोनविषयीच्या कालच्या बातमीत ‘चित्रण केवळ बांधकामांचे होते, माणसांचे नव्हे’ हा अधिकाऱ्यांचा खुलासा आपल्या प्रतिनिधीने एकही प्रश्न न विचारता छापला आहे. तो मला तोंडपाठ आहे.

गेल्या वर्षी आमच्या इमारतीवर असाच ड्रोन घोंघावून गेला आणि महिनाभराने गच्चीवरील पत्र्याच्या शेडबद्दल नोटीस आली. शेड विनापरवाना होती. मी ती उतरवली. मात्र नोटिशीला जोडलेल्या छायाचित्रात शेडपेक्षा ठळक दिसत होती ती न्हाऊन केस वाळवत बसलेली माझी पत्नी. तिच्या खांद्यावरील टॉवेलचे पट्टे मोजता येत होते आणि त्या कागदावर चार जणांच्या सह्या होत्या. कार्यालयात विचारले तेव्हा ‘आम्ही झूम करत नाही’ असे उत्तर मिळाले. मूळ चित्रण कोठे आहे, या प्रश्नावर ‘ते एजन्सीकडे असते’ एवढेच सांगण्यात आले.

मे २०२० मध्ये पॅरिसच्या पोलिसांनीही टाळेबंदीतील ड्रोनबाबत साधारण हीच सबब पुढे केली होती : ड्रोन बरेच उंचावरून उडतात, झूम वापरला जात नाही. फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती मानली नाही. माणूस ओळखू येईल असे चित्र टिपण्याची क्षमता यंत्रात आहे आणि तिला आवर घालणारी तांत्रिक सोय नाही, एवढ्यावरून त्याने ती टेहळणी तत्काळ थांबवण्यास सांगितले. चेहरे पुसट करणारी प्रणाली जोडून पोलीस पुन्हा आले, तेव्हा डिसेंबरमध्ये निदर्शनांवरील ड्रोनही याच न्यायालयाने बंद पाडले.

आपल्याकडील ड्रोन नियम, २०२१ यांत वजन, नोंदणी, उड्डाणासाठीचे हिरवे-पिवळे-लाल क्षेत्र हे सारे तपशिलाने आहे. टिपलेले चित्रण कोणी पाहायचे, किती दिवस ठेवायचे आणि कधी पुसायचे, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. २०२३ च्या विदा (म्हणजे वैयक्तिक डेटा) संरक्षण कायद्यातील कलम १७ नुसार सुरक्षा व सुव्यवस्थेच्या कारणास्तव केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना त्या कायद्यातून वगळू शकते. खासगीपणात हस्तक्षेप करायचा तर कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि प्रमाणशीरपणा हवा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ मधील निकालात आलेले आहे; आमची शेड बहुधा सुव्यवस्थेत मोडत असावी.

पूर, वणवा, बेपत्ता माणसाचा शोध यांसाठी ड्रोन जरूर उडवावा. पण उड्डाणाचा लेखी आदेश, चित्रण नष्ट करण्याची तारीख आणि ते ठेवणाऱ्या एजन्सीचे नाव नागरिकाला मागता क्षणी मिळायला हवे. ते चित्रण पुसले का, असे विचारणाऱ्या माझ्या अर्जाची केवळ पोच माझ्यापाशी आहे.

जाता जाता, याच विषयावरील माझे मागील पत्र आपण चार ओळींत आटोपलेत आणि शेजारी ड्रोनने टिपलेले शहराचे विहंगम दृश्य छापलेत. छायाचित्र उत्तमच होते. खालच्या कोपऱ्यातील गच्चीवर वाळत घातलेले कपडेही अगदी स्पष्ट दिसत होते.

आपला,
एक वाचक