‘जिथे रात्र, तिथे मुक्काम’ हा सल्ला घातक आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतील अमेरिकेतल्या आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीतून केलेल्या प्रवासावरचा लेख वाचला. लेखाची भाषा प्रसन्न आहे आणि सुट्टीत मुलाबाळांकडे जाणाऱ्या आमच्यासारख्या वाचकांना तो आवडला असेल, यात शंका नाही. परंतु ‘घरच चाकांवर असल्यामुळे मुक्कामाची चिंता उरत नाही, जिथे रात्र होईल तिथे गाडी उभी करावी’ असे लेखात एकदा नव्हे, दोनदा म्हटले आहे आणि ते वाचून गप्प बसवेना, म्हणून हे पत्र. हा सल्ला चुकीचा आहे आणि गाडीत वयस्कर माणसे असतील तर घातक आहे.

माझ्या पुतण्याने असाच एक लेख वाचून काही वर्षांपूर्वी जून महिन्यात शिकागोहून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला जाण्याचा बेत आखला होता. माझे यजमान, मी आणि पुतण्याची आई, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, असे आम्ही तिघे साताऱ्याहून गेलेले पाहुणे होतो. जाऊबाईंना मधुमेह आहे, रोजचे इन्शुलिन आहे आणि गुडघे पार गेलेले आहेत. एका बाजूचे अंतर सुमारे १,४०० मैल होते. गाडी भाड्याने घेतली, किराणा भरला, पुतण्याच्या मुलाचे खेळ घेतले. मुक्कामाची जागा मात्र एकही ठरवलेली नव्हती. मी विचारले तेव्हा ‘काकू, रस्त्यात कुठेही थांबता येतं, त्यासाठीच तर ही गाडी’ असे उत्तर मिळाले. पुतण्याला मी दोष देत नाही. त्याने जे छापलेले वाचले त्यावर विश्वास ठेवला.

नेब्रास्का राज्य संपवून वायोमिंग राज्यात शिरेपर्यंत संध्याकाळ झाली. इंटरस्टेट ८० या महामार्गावर तिथे वारा असा सुटतो की उंच गाडी लेनमध्ये धरून ठेवणे अवघड होते. लॅरमी ते रॉलिन्स हा टापू तर त्यासाठी ओळखलाच जातो आणि वारा फार वाढला की हलक्या, उंच वाहनांना तो रस्ता बंद करतात. वाटेत चौकशी केली ती सगळी कॅम्पग्राउंड, म्हणजे अशा गाड्यांच्या आणि तंबूंच्या मुक्कामाच्या जागा, भरलेली होती. शेवटी एका गावात मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये आम्ही गाडी लावली, पडदे ओढले, जाऊबाईंना इंजेक्शन देऊन जेवू घातले आणि मागच्या पलंगावर निजवले. मध्यरात्रीनंतर दारावर थाप पडली आणि विजेरीचा झोत पडद्यावर फिरला. पोलीस होता. तो अतिशय सौम्यपणे बोलला. गावच्या नियमानुसार सार्वजनिक आवारात वाहनात झोपायला मनाई आहे आणि तसा फलक दुसऱ्या प्रवेशद्वाराशी लावलेला आहे, एवढेच त्याने सांगितले. पण झोपेतून दचकून उठलेल्या जाऊबाईंना त्यातले काहीच कळले नाही. ‘काय झालं रे, कुणाला लागलं का?’ असे त्या पुन्हापुन्हा विचारत राहिल्या आणि त्यांच्या हाताची थरथर बराच वेळ थांबली नाही.

तिथून आम्ही ट्रक स्टॉप, म्हणजे महामार्गावरचा मालट्रकांचा थांबा, गाठला. तिथल्या सगळ्या रांगा ट्रकांनी भरल्या होत्या आणि ते स्वाभाविक होते, कारण अमेरिकेत मालवाहू ट्रकच्या चालकाला ११ तास गाडी हाकल्यानंतर सलग १० तास विश्रांती घेणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे संध्याकाळपासूनच हे लोक जागा धरतात. आपल्या लेखात ‘ट्रक स्टॉप तर आहेतच’ असे सहज म्हटले आहे. दिवसभर राबलेल्या माणसाची सक्तीच्या विश्रांतीची जागा सहलीला निघालेल्यांनी अडवावी, हे मला तरी बरे वाटत नाही. आम्ही एका कडेला, डिझेल पंपाच्या दिव्याखाली, उरलेली रात्र काढली. पहाटे चारच्या सुमारास झडपेतून येणारी गरम हवा आधी कोमट झाली आणि मग बंद पडली. टाकीत गॅस होता. पण त्या हीटरचा पंखा आणि ठिणगी गाडीतल्या बॅटरीवर चालते आणि संध्याकाळभर दिवे, पाण्याचा पंप आणि पंखा चालवून ती बॅटरी उतरली होती. हा भाग समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि तिथे जूनमध्येही पहाटे हुडहुडी भरते. स्वयंपाकघरातले टॉवेलसुद्धा आम्ही जाऊबाईंच्या पायांवर टाकले. शौचालयाची टाकी भरल्याचा लाल दिवा आदल्या दुपारपासून लागलेला होता आणि ती रिकामी करण्याची सोय जवळपास कुठेही नव्हती. रात्री दोन-तीनदा उठावे लागणाऱ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने अशा वेळी काय करावे, हे लेखकाने सांगावे.

आरव्हीत स्वयंपाकघर, पलंग, शौचालय सगळे असले तरी ते सगळे दर दोन-तीन दिवसांनी जमिनीवरच्या सोयींना जोडावे लागते, ही साधी गोष्ट लेखात कुठेही आलेली नाही. मुक्कामाच्या जागी विजेची जोडणी असते, ती ३० अँपिअरची की ५० अँपिअरची, हे आधी पाहावे लागते. ३० अँपिअरच्या जोडणीवर एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले तर वीज जाते. स्वच्छ पाणी भरायचे असते, सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या असतात. जिथे जोडणी नाही तिथे जनरेटर लावावा म्हटले, तर बहुतेक कॅम्पग्राउंडमध्ये तो रात्री चालवू देत नाहीत. सरकारी मोकळ्या जमिनींवर, म्हणजे वनखात्याच्या आणि भूव्यवस्थापन विभागाच्या ताब्यातील माळरानांवर, अनेक ठिकाणी साधारण चौदा दिवसांपर्यंत फुकट राहता येते, हे खरे आहे. पण तिथे पाणी नाही, वीज नाही आणि बऱ्याचदा फोनला रेंजही नसते. तरुणांनी तिथे जरूर राहावे. दुकानांच्या आवाराबद्दल सांगायचे, तर वॉलमार्टसारख्या साखळीतही परवानगी त्या त्या दुकानाच्या व्यवस्थापकावर आणि गावच्या नियमांवर अवलंबून असते, म्हणून संध्याकाळी तिथे पोचण्याआधी फोन करून विचारावे लागते. रेस्ट एरियांचे, म्हणजे महामार्गालगतच्या विश्रांतीच्या थांब्यांचे, नियम तर राज्यागणिक बदलतात: टेक्सासमध्ये २४ तास थांबता येते, कॅलिफोर्नियात ८ तास. आणि ज्या यलोस्टोनचे छायाचित्र आपण पानभर छापले आहे, तिथे कॅम्पग्राउंड सोडून रस्त्याकडेला किंवा पार्किंगमध्ये वाहनात रात्र काढायला सक्त मनाई आहे. हे एक वाक्य लेखात असते तरी मी पत्र लिहिले नसते.

नंतर सिएटलला मुलाकडे गेलो, तेव्हा सुनेने आखलेला प्रवास पाहिला. तिने आधी मुक्काम ठरवले आणि मग रस्ता. दिवसाला ३०० मैलांपेक्षा जास्त चालायचे नाही आणि उन्हे असतानाच, तीन-चारच्या सुमारास जागेवर पोचायचे, असा तिचा दंडक होता, कारण गाडी मागे घेऊन जागेत बसवणे, ती सपाट उभी करणे, नळ आणि वीज जोडणे ही कामे अंधारात करायची नसतात. नकाशावर दिसणाऱ्या वेळेवर तिने विश्वास ठेवला नाही. एवढी मोठी गाडी घाटात आणि पेट्रोल पंपावर वेळ खाते, म्हणून दर चार तासांमागे तिने एक तास जास्त धरला. पहिला मुक्काम स्पोकेनजवळ, दुसरा ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम दाराशी. आयडाहोतून मोंटानात शिरताना घड्याळ एक तास पुढे जाते, तोही तिने हिशेबात धरला होता. तो धरला नाही तर कॅम्पग्राउंडचे कार्यालय बंद झाल्यावर माणूस पोचतो.

ग्लेशियरमध्ये डोंगरावरून पूर्वेकडे जाणारा ‘गोइंग टू द सन’ हा १९३३ मध्ये खुला झालेला देखणा रस्ता आहे. पण त्याच्या वरच्या भागात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद वाहनांना प्रवेश नाही आणि १० फुटांपेक्षा उंच वाहनांना पुढे आलेल्या कड्यांमुळे अडचण येऊ शकते. आमची गाडी २५ फुटांची होती. त्यामुळे सुनेने डोंगराला वळसा घालून जाणारा हायवे २ धरला आणि त्या वळशाला लागणारा वेळ ओळखून पूर्वेकडचा मुक्काम दोन रात्रींचा केला. पुढे यलोस्टोनच्या वाटेवर हेलेनाजवळ एक रात्र ठेवली आणि प्रत्यक्ष उद्यानात फिशिंग ब्रिज येथे राहिलो, कारण उद्यानात वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या तिथेच आहेत. तिथे अस्वलांमुळे तंबूला किंवा कापडी भिंतींच्या गाडीला परवानगी नसते. यजमानांनी तिथे रोज रात्री दहा वाजता दिवा मालवला आणि सकाळी सहापर्यंत गाढ झोपले. या प्रवासात जाऊबाई नव्हत्या. वायोमिंगच्या त्या रात्रीनंतर त्यांनी अमेरिकेला येण्याचेच नाव काढले नाही आणि मला राहून राहून वाईट वाटते ते याचेच, कारण यलोस्टोनची गरम पाण्याची कारंजी पाहायची हौस आम्हा सगळ्यांत त्यांनाच जास्त होती.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. लेखासोबतच्या दुसऱ्या छायाचित्रात एक कुटुंब गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसनच्या जेमतेम पाच-सहा पावलांवर हसत उभे आहे. यलोस्टोनच्या नियमाप्रमाणे बायसनपासून किमान २५ यार्ड आणि अस्वल किंवा लांडग्यापासून किमान १०० यार्ड अंतर राखावे लागते. बायसन माणसापेक्षा कितीतरी वेगाने धावतो आणि तिथे लोक त्याच्या धडकेने जखमी होत असतात. असे छायाचित्र निवडताना संपादकीय विभागाने ते एकदा तपासायला हवे होते.

महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे आणि उद्या आपल्याकडेही अशा गाड्या वाढतील, तेव्हा याच गैरसमजातून लोक कोकणातल्या अरुंद रस्त्यांच्या कडेला रात्री गाड्या उभ्या करतील, ही भीती मला वाटते. परंतु सध्याची निकड अमेरिकेला जाणाऱ्यांची आहे. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांतील आणि वनखात्याच्या अनेक कॅम्पग्राउंडचे बुकिंग संकेतस्थळावर सहा महिने आधी खुले होते आणि सुट्टीच्या दिवसांतल्या चांगल्या जागा काही मिनिटांत संपतात. ज्यांना जूनमध्ये जायचे आहे त्यांना डिसेंबरातच मुक्काम ठरवावे लागतील. तेव्हा लेखातील त्या दोन वाक्यांची दुरुस्ती आपण येत्या रविवारच्या पुरवणीत, मूळ लेख होता त्याच पानावर आणि वाचता येईल एवढ्या अक्षरात छापावी, अशी विनंती आहे.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा