पट्टी हुशार, पण कोणासाठी?

महोदय,

जखमेचे तापमान, ओलावा आणि आम्लता मोजून मोबाइलवर इशारा देणाऱ्या 'स्मार्ट' पट्ट्यांबद्दल सध्या बरेच वाचायला मिळते. कल्पना चांगलीच आहे. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, चिघळत राहिलेली जखम बहुधा अल्कधर्मी होते. हा बदल पट्टी न सोडता कळला तर विनाकारण उघडझाक टळेल. ओलसर ठेवलेली जखम लवकर भरते, हे संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्येच डुकरांवरील प्रयोगांतून दाखवले होते. (तरी 'जखमेला हवा लागू द्या' हा सल्ला अजून ऐकू येतोच!)

पण रुग्णाला धास्ती असते ती चिकटलेली पट्टी ओढून काढताना होणाऱ्या वेदनेची. मग वासाची, कपड्यांना लागणाऱ्या स्रावाची, आंघोळीची. मधुमेहात अनेकदा पायाची संवेदनाच गेलेली असते, तिथे सेन्सर खरोखर उपयोगी; मात्र नजर अधू झालेल्या त्याच रुग्णाला बारीक अक्षरांचे ॲप काय कामाचे? आणि इशारा आल्यावर धावणार कोण? पट्टीच्या आराखड्याच्या पहिल्या बैठकीतच रुग्ण आणि रोज पट्टी बदलणाऱ्या परिचारिका हव्यात. तयार नमुना पुढे करून 'कसा वाटला?' विचारण्यात अर्थ नाही.

— एक वाचक