गुलाबी बोंडअळी आणि धुऱ्यावर फेकलेली पाकिटं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कापसाच्या हंगामात दरवर्षी पेपरात एक बातमी ठरलेली असते, गुलाबी बोंडअळीला बीटीची सवय झाली, अळी हुशार झाली, आता नवीन बियाणं पाहिजे. बीटी म्हणजे जिवाणूचा जीन घातलेला कापूस, त्याचं झाड स्वतःच अळीला मारणारं विष तयार करतं. अळी या बीटीवर मरत नाही हे खरंच आहे, आमच्याकडे कोणाच्याही शेतात जाऊन डिसेंबरातलं बोंड फोडून बघा, पण ती का मरत नाही हे सांगताना नेहमी घोळ होतो आणि मग उपायही भलताच मागितला जातो, म्हणून हे पत्र. मी बीएस्सी अ‍ॅग्री आहे आणि घरची शेती करतो.

अळीला सवय-बिवय काही लागत नाही हो. बीटीचं विष ज्या अळीला लागू पडतं ती मरते, तिला शिकायला वेळच कुठे असतो? अळीच्या आतड्यात कॅडहेरिन नावाचं एक प्रोटीन असतं, बीटीचं विष, त्याला क्राय म्हणतात, त्या प्रोटीनला जाऊन चिकटतं, आतड्याला भोकं पडतात आणि खेळ खलास. पण शिवारातल्या लाखो अळ्या काही एका साच्यातल्या नसतात, एखादीच्या जीनमध्ये बिघाड असतो, कॅडहेरिन नीट तयारच होत नाही, मग विषाला चिकटायला जागा सापडत नाही आणि ती खात बसते. असा बिघाड बीटीमुळे होत नाही, तो आपोआप अधूनमधून होतच असतो, बीटी नसताना त्याचा अळीला काही उपयोग नसतो एवढंच.

आता हिशोब बघा. प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून एक बापाकडून, आणि एक प्रत जरी धड असली तरी विष चिकटतं आणि अळी मरते, दोन्ही बिघडलेल्या असतील तरच वाचते. समजा हजारात एक प्रत बिघडलेली आहे, तर दोन्ही बिघडलेली अळी निघणार दहा लाखात एक. म्हणजे जवळपास नाहीच. पण सगळं शिवारच बीटीचं केलं तर जिवंत राहणार फक्त तीच, तिचा पतंग होणार, त्याला जोडीदारही तसाच वाचलेला मिळणार आणि पोरं झाडून सगळी बीटी पचवणारी. एका हंगामात अशा तीन-चार पिढ्या होतात. अळी तीच, तिच्या जमातीतलं प्रमाण बदललं, उत्क्रांती म्हणतात ती हीच, त्याला लाखो वर्षं लागतातच असं नाही.

यावर उपाय पहिल्या दिवसापासून पिशवीसोबतच होता. २००२ साली बीटीला परवानगी मिळाली तेव्हापासून ४५० ग्रॅम बीटीसोबत १२० ग्रॅम साध्या कापसाचं छोटं पाकीट यायचं, ते चहूबाजूंनी ओळी करून लावायचं होतं. त्या ओळींवर साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग त्या एखाद्या वाचलेल्या पतंगाशी जुळतील, पोरांना एक तरी धड प्रत मिळेल आणि ती पोरं बीटीवर मरतील, एवढं साधं गणित. पण हे गणित कोणी सांगितलंच नाही. शेतकऱ्याला वाटलं अळीला फुकट खाऊ घालायला पाच ओळी कशाला, बरं त्या पाकिटातलं बियाणं पण कित्येकदा धड उगवायचं नाही, त्याचा कालावधी वेगळा, उंची वेगळी, म्हणून पाकीट गेलं धुऱ्यावर. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही, आणि एकाने लावून भागत पण नाही, पतंग काही सातबारा बघून उडत नाही.

एक गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. हिरवी बोंडअळी, आपण जिला अमेरिकन म्हणतो, ती बीटीवर एवढी सहज सुटली नाही. का? कारण ती हरभऱ्यावर पण जगते, तुरीवर जगते, टमाट्यावर जगते, म्हणजे साध्या कापसाच्या ओळींचं काम तिच्यासाठी ही पिकं आपोआपच करतात. गुलाबी अळी खाते जवळजवळ फक्त कापूस, आणि कापूस सगळा बीटी. मग व्हायचं तेच झालं, २०१० साली गुजरातमध्ये ती पहिल्या बीटीवर जिवंत सापडल्याचं बीटीवाल्या मॉन्सँटो कंपनीनेच कबूल केलं, तोवर २००६ पासून दोन जीनचं बीजी-२ बाजारात आलं होतं, पुढच्या पाच-सहा वर्षांत तेही गेलं आणि २०१७ ला विदर्भ-मराठवाड्यात या अळीने कापसाचं काय केलं ते सांगायची गरज नाही.

वर आपण लावतो संकरित वाण. संकरित झाडात बीटी जीनची एकच प्रत असते, त्यामुळे बोंडातल्या सगळ्या सरक्या सारख्या नसतात, साधारण चारात एक सरकी त्या विषाशिवायची निघते, आणि गुलाबी अळी सरकीच खाते! एकाच बोंडात थोडं विष थोडं बिनविषाचं, म्हणजे अर्धवट डोस. त्यात झाड जुनं होईल तसं विष कमी होतं आणि आपण फरदड घेत, म्हणजे हंगाम संपल्यावरही जादा वेचणीसाठी, मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवतो. अर्धवट डोसमध्ये एक प्रत बिघडलेली अळी पण निभावून जाते, मग वरचं दहा लाखात एकचं गणितही उरत नाही. बाहेर बहुतेक देशांत सरळ वाण, म्हणजे संकर न केलेले, लावतात, आपणच एवढे संकरिताच्या मागे लागलो कारण त्याचं बी घरचं ठेवता येत नाही, दरवर्षी विकत घ्यावं लागतं, आता यात कोणाची सोय झाली ते वाचकांनीच ठरवावं.

अमेरिकेत अ‍ॅरिझोनात हीच अळी, हाच बीटी, १९९६ पासून. तिथे साध्या कापसाचे पट्टे सक्तीने लावले, दहा वर्षं अळी आटोक्यात राहिली, मग २००६ पासून विमानातून वांझ पतंग सोडले आणि २०१८ साली अमेरिकेने गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. चीनमध्ये यांगत्से खोऱ्यात तर गंमतच झाली, तिथल्या शेतकऱ्यांनी स्वस्त पडतं म्हणून संकरिताच्या दुसऱ्या पिढीचं बी लावलं, त्यात पाव झाडं आपोआप बिनबीटी निघाली आणि वाढत चाललेली प्रतिकारशक्ती उलट खाली आली. कोणी शिकवलं नव्हतं, झालं.

आता कोणी म्हणेल तिसऱ्या जीनचं बियाणं आणा. आणा की, पण सगळीकडे तेच लावलं तर त्याचंही हेच होणार. चोरून येणारं एचटीबीटी तर तणनाशक फवारलं तरी कापूस मरू नये यासाठी आहे, अळीवर त्यात नवीन काहीच नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे आता नुसत्या पाच ओळींनीही भागणार नाही, बिघडलेल्या प्रती फार पसरल्यात. कमी दिवसांचे सरळ वाण, डिसेंबर संपायच्या आत शेत रिकामं, फरदड बंद, जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढून पकडणारे), हे दोन-चार वर्षं गावंच्या गावं मिळून करावं लागेल. कृषी खात्याने दरवर्षी नुसतं पत्रक काढण्यापेक्षा एका तालुक्यात हे करून दाखवावं आणि आकडे जाहीर करावेत. आणि संपादक साहेब, मे महिन्यात बियाण्यांच्या पानभर जाहिराती छापता त्याच पानाच्या कोपऱ्यात हे दहा लाखाचं गणित पण एकदा छापा, जागा फार लागणार नाही.

आपला,
एक कापूस उत्पादक वाचक, जि. यवतमाळ