रासायनिक दूषणाचा सराव प्रत्येक सैनिकाला हवा

संपादक महोदय,

घातक रसायनांच्या दूषणाला तोंड देण्याचे प्रशिक्षण विशेष तुकड्यांपुरते राखून ठेवणे मला धोक्याचे वाटते, कारण दूषित जागी सर्वप्रथम पोहोचणारा सैनिक बहुधा अशा तुकडीतला नसतो. गोळीबार सुरू झाला की खड्ड्यात किंवा सखल जागी आडोसा घ्यावा, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. परंतु क्लोरीन वायू असो वा सारिन या मज्जासंस्थेवर आघात करणाऱ्या विषाची वाफ, दोन्ही हवेपेक्षा जड असल्याने नेमके सखल भागातच साचतात. तेथे वाऱ्याची दिशा ओळखून, त्याला आडवे जात उंचावर सरकावे लागते आणि ही सवय केवळ व्याख्यानांतून लागत नाही.

निर्विषीकरणाबाबत तर अधिकच कसून तयारी हवी. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन सोडले गेले, तेव्हा रुग्णांच्या कपड्यांतून निघणाऱ्या वाफेमुळे रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांनाही त्रास झाला. म्हणजे जखमीला आधी उचलून नेण्याची स्वाभाविक, माणुसकीची ओढही काही क्षण आवरावी लागते. त्याचे कपडे उतरवणे आणि भरपूर पाण्याने अंग धुणे, एवढ्यानेच बरेचसे दूषण दूर होते.

संरक्षक पोशाखात अंग इतके तापते की उष्माघाताची भीती असते, मुखवट्यातून आवाज नीट पोहोचत नाही आणि जाड हातमोज्यांनी ॲट्रोपिन या सारिनवरील उताऱ्याची सुई टोचणेही कठीण जाते. म्हणून संपूर्ण पोशाखात, रात्री आणि उन्हातही, नियमित सराव सक्तीचा करावा व त्यात स्थानिक अग्निशमन दल आणि रुग्णालयांना सामील करून घ्यावे.

– एक वाचक