१६० एकर, साखळीने मोजलेली

लिंकन, नेब्रास्का

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही विचारलं होतं, की तिकडच्या फौजेतल्या माणसाला सरकारकडून जमीन कशी मिळायची आणि मिळाल्यावर तो ती पिकवायचा कसा. फोनवर हे धड सांगता आलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितो. उदाहरण इथून चाळीसेक मैल दक्षिणेला, बीॲट्रिस गावाजवळच आहे. (स्पेलिंग बघून बाहेरचे लोक ‘बिआट्रिस’ म्हणतात, गावकरी ‘ॲ’वर जोर देतात.) माणसाचं नाव डॅनियल फ्रीमन. जन्म १८२६, ओहायोतला. वैद्यकी शिकलेला, अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूचा. आपण फौजेच्या गुप्त टेहळणीवर होतो, असं तो सांगे.

१८६२ साली राष्ट्राध्यक्ष लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली. २१ वर्षं पुरी झालेला किंवा घरचा कर्ता असलेला कोणीही नागरिक (किंवा नागरिक व्हायचं जाहीर केलेला) १६० एकर सरकारी जमिनीवर दावा लावू शके. एकटी किंवा घरची कर्ती असलेली बाईसुद्धा चाले. अर्जाच्या वेळी १० डॉलर आणि वर २ डॉलर दलाली, पाच वर्षं तिथे राहून जमीन कसल्याचा पुरावा देताना आणखी ६. म्हणजे सगळे मिळून १८ डॉलर. कायदा १ जानेवारी १८६३ ला लागू झाला आणि फ्रीमनने त्याच दिवशी ब्राउनव्हिलच्या कचेरीत अर्ज दिला. नववर्षाच्या मेजवानीत कारकुनाला गाठून मध्यरात्रीनंतर कचेरी उघडायला लावली, ही कथा त्याच्याच तोंडची. त्या दिवशी अर्ज देणारा तो एकटा नव्हता, पण पहिलेपणाचा मान त्यालाच चिकटला.

आता मोजणी. हे तुम्हाला सगळ्यात आवडेल. आपला गुंठा म्हणजे ३३ फुटी साखळीचा एक चौरस, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. इथली साखळी बरोबर दुप्पट, ६६ फुटांची. दहा चौरस साखळ्या म्हणजे एकर. दोन्हीकडे ४३,५६० चौरस फूटच येतात, कारण दोन्ही मापं इंग्रजांच्या पेटीतलीच. फरक मोजणीच्या क्रमात आहे. आपल्याकडे १८३५-३६ ला इंदापुरापासून मोजणी सुरू झाली, तेव्हा शेतं आधीच होती. बांध जसा वाकडा, तसा नकाशा वाकडा. इथे शेतकरी येण्याआधीच रेघा मारल्या. सहा मैल लांब, सहा मैल रुंद चौकोन (टाउनशिप), त्यात एकेक मैलाचे ३६ तुकडे (सेक्शन), प्रत्येक तुकडा ६४० एकर. त्याचा पाव भाग म्हणजे १६० आणि पावाचाही पाव म्हणजे ४०. फ्रीमनच्या जमिनीचा पत्ता आहे सेक्शन २६, टाउनशिप ४ उत्तर, रेंज ५ पूर्व. ‘४ उत्तर’ म्हणजे कॅन्सासच्या हद्दीपासून चौकोनांची चौथी ओळ आणि ‘५ पूर्व’ म्हणजे ठरलेल्या उभ्या रेघेपासून पूर्वेला पाचवा चौकोन, हे कागद बघूनच कळतं. गट नंबरवरून गाव ओळखता न येणाऱ्या आपल्यासारख्यांना याचा हेवा वाटतो.

त्याने सरळ चौकोन घेतला नाही. चाळीस-चाळीस एकरांचे चार तुकडे उलट्या ‘टी’सारखे निवडले, खाली तीन आणि मधल्याच्या डोक्यावर एक. कारण कब क्रीक हा ओढा. ओढ्याकाठी झाडं होती, बाकी सगळं उघडं गवताळ माळरान. लाकूड आणि पाणी दोन्ही हाती आल्यावर माणसाने आकाराचा विचार का करावा? पण किंमत मोजावी लागली कुंपणात. चौकोनाला दोन मैल कुंपण पुरलं असतं, या आकाराला अडीच लागतं.

गवताचं रान मोडणं हे खरं काम. तुम्ही कुंदा माजलेलं रान बघितलंय, तशीच इथल्या गवताची मुळं, फक्त कैक पटीने घट्ट विणलेली. साधा नांगर त्यात शिरतच नाही. त्यासाठी लांब फाळाचा वेगळा नांगर होता, मोठ्या नांगराला बैलांच्या तीन-चार जोड्या. खोली मात्र फक्त दोन-तीन इंच, कारण गवतासकट मातीची खाप पातळ काढून पुरी उलटी पाडायची असते. खोल घातला तर खाप उभी राहते, गवत वाचतं. वेळ मेअखेर ते जूनमध्यापर्यंत. तेव्हा गवत जोमात वर आलेलं असतं, मुळातला साठा संपलेला असतो, म्हणून उलटल्यावर कुजतं. लवकर मोडलं तर पुन्हा फुटतं, उशिरा मोडलं तर हिवाळ्याआधी कुजत नाही आणि पुढच्या वर्षी ढेकळं फुटत नाहीत. पहिल्या वर्षी मका लावायची ती कुऱ्हाडीने. उलट्या खापेत घाव घालायचा, दाणे टाकायचे, टाचेने दाबायचं. उतारा कमीच, जनावरांपुरता.

पाच वर्षांनी पुरावा द्यायचा, दोन साक्षीदारांसह. १८६८ च्या जानेवारीत फ्रीमनच्या साक्षीदारांनी जे लिहून दिलं ते जवळजवळ पंचनाम्यासारखं आहे: १४ बाय २० फुटांचं एकमजली घर, काही ओंडक्यांचं, काही फळ्यांचं, दोन दारं, दोन खिडक्या, फळ्यांची जमीन. सुमारे ३५ एकर नांगरलेली आणि कुंपण घातलेली. तबेला, १०० फूट लांब मेंढवाडा, मक्याची कणगी, ४० सफरचंदाची झाडं आणि ४०० च्या आसपास पीचची. सरकारी पट्टा, म्हणजे मालकीचा कागद, १ सप्टेंबर १८६९ ला मिळाला. १६० पैकी पाच वर्षांत ३५ एकर, हा आकडा नीट बघा. यात आळशीपणा नाही, गवताच्या रानाचा वेगच तो.

बायकोची हकीगत वेगळीच. ॲग्नेस सूटरचं लग्न ठरलं होतं ते डॅनियलच्या भावाशी, जेम्सशी. तो युद्धात मरण पावला. डॅनियल आणि ती पत्रं लिहीत राहिले आणि ८ फेब्रुवारी १८६५ ला आयोवातल्या ल क्लेअर गावी त्यांचं लग्न झालं. त्याचं हे दुसरं. ती त्याच्याहून बरीच लहान, आणि त्याच्यानंतर वीस वर्षांहून जास्त जगली. पट्ट्यावर नाव त्याचं एकट्याचं आहे. पण लग्नानंतरच्या तीन वर्षांचे कष्ट तिच्याही हातांचे होते.

फौजींसाठी खास सवलत पुढे आली, १८७२ साली. नोकरीतली वर्षं पाच वर्षांतून वजा, पण किमान एक वर्ष तरी जमिनीवर राहिलंच पाहिजे. विधवेलाही हा हक्क होता. पट्टा एकदा हातात आला की जमीन पूर्ण मालकीची, विकायला कोणाला विचारायचं नाही. आपल्या माजी सैनिकांच्या सातबाऱ्यावर वर्ग-२ लागतो आणि विकायच्या आधी कलेक्टरची परवानगी लागते, ते इथे नव्हतं. त्यामुळे फसवणूकही भरपूर झाली. चाकांवरची खोली एका दाव्यावरून दुसऱ्यावर नेऊन ‘घर बांधलं’ अशी शपथ घेतल्याचे किस्से इथे सांगतात.

आणि पश्चिमेकडे गेलेल्यांना पावसाने फसवलं. बीॲट्रिसकडे वर्षाला ३० इंचांच्या आसपास पाऊस पडतो, तिथे १६० एकरांत कुटुंब चालतं. शंभराव्या रेखावृत्तापलीकडे २० इंचांच्या खाली, म्हणजे आपल्या माणदेशासारखं. तिथेही कायद्याने तेच १६० दिले. १८७४ ला तर टोळ आले आणि पिकं फस्त करून गेले.

ही जमीन ‘मोकळी’ होती, हेही कागदावरचंच. या भागावरचा हक्क ओटो-मिझुरिया या इथल्या मूळ रहिवासी लोकांकडून १८५४ च्या करारात घेतला. ते गेज काउंटीच्या (बीॲट्रिसच्या जिल्ह्याच्या) दक्षिणेला बिग ब्लू नदीकाठच्या राखीव पट्ट्यात राहिले आणि १८८१ मध्ये तिथूनही ओक्लाहोमाकडे हलवले गेले. फ्रीमन पाच वर्षं राहून मालक झाला. ते लोक किती पिढ्या राहिले होते, हे विचारायला त्या कचेरीत रकाना नव्हता.

म्हातारपणी त्याने शाळेशी भांडण काढलं. मास्तरीण वर्गात बायबल वाचते, हे त्याला पटेना. खटला नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेऊन १९०२ ला जिंकला. १९०८ च्या डिसेंबरात गेला आणि त्याच जमिनीवर पुरला गेला. १९३६ साली ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली, २०२१ पासून तिला ‘राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान’ म्हणतात.

दक्षिणेच्या सीमेवर ओसेज ऑरेंज या काटेरी झाडाचं अर्धा मैल कुंपण अजून आहे. तारेचं कुंपण यायच्या आधी हीच रीत. रोपं फूट-फूट अंतरावर लावायची, दरवर्षी छाटायची, म्हणजे खालून फुटवे येऊन फांद्या गुंतत जातात. छाटणी चुकली की बुंधा वर जातो आणि तळाशी डुकराएवढी वाट उरते. आपल्या शेराच्या कुंपणाचं होतं तेच. तुमच्या ओढ्याकडच्या बाजूला तळ उघडा पडलाय ना, तो पावसाआधी गुडघ्याइतका छाटून बघा.

आजीला नमस्कार.

तुमचा,
बाळू